साडेआठची नोंद

वैजू,
तू मागितलंस म्हणून कपाट उघडलं.
एकोणचाळीस वह्या. दोन वाळवीनं खाल्ल्या.
एकीवर शांतव्वानं पापड वाळत घातले होते,
तिच्या पानांना अजून हिंगाचा वास आहे.

जांबोटीच्या बंगल्यामागं कुंपण, कुंपणात पितळी नरसाळं.
रोज सकाळी साडेआठला
बाटलीतलं पाणी मापात ओतायचं,
गुडघा टेकून डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा.
वरून बघितलं तर पाऊस जास्त दिसतो,
खालून बघितलं तर कमी.
देवापुढं टेकला नसेल इतका गुडघा मी तिथं टेकला.

आधी फॉर्म इंग्रजी होता, मग कन्नड झाला.
रकान्यावर लिहिलेलं: मळे.
कन्नडात मळे म्हणजे पाऊस,
मला पहिल्या दिवशी हिरवी शेतं दिसली.
घरी आलो की शांतव्वा विचारायची, आज किती मळे?
अन् स्वतःच हसायची,
एक एकर बी नाही की वो आपल्याला.

तुला बदल कुठं दिसतो ते पायजे.
तर बघ, तरणा पाऊस पुढं असायचा,
म्हातारा मागनं काठी टेकत.
आता म्हातारा आधी येतो,
एका रात्रीत सगळं ओतून बसतो,
आणि तरणा गोव्याकडं कामाला गेल्यासारखा गायब.
वर्षाची बेरीज जवळपास तीच येते.
नुसती बेरीज बघणाऱ्याला वाटेल, काहीच झालं नाही.
पण ओळी वाच:
निरंक, निरंक, निरंक, निरंक,
दोनशे अकरा,
निरंक.

तू म्हणतेस, उत्तरेतही वहीच बोलते.
समुद्राकाठच्या त्या दीपगृहात
शंभर वर्षांमागं कुणीतरी शाईनं लिहिलंय,
जानेवारी, बर्फ. जानेवारी, बर्फ.
वरचं खालच्यावर गिरवल्यासारखं.
आणि आता जानेवारीत पाऊस.
तो बर्फावर पडतो, रात्रीत त्याची काच होते,
रेनडियर खुरांनी खरवडत राहतात,
खालचं शेवाळ दिसतं, तोंडाला लागत नाही.
मला तू आठवलीस,
बेळगावात कुंद्याच्या दुकानाबाहेर
काचेला नाक लावून उभी.

एक सांगायचं राहिलंय.
वही सव्वीस, अकरा ऑगस्ट, चौसष्ट पूर्णांक दोन.
ती नोंद खोटी आहे.
त्या सकाळी मी जांबोटीत नव्हतो.
बेळगावच्या दवाखान्यात शांतव्वाच्या पायाशी बसून
वऱ्हांड्याच्या पत्र्यावरचा पाऊस ऐकत होतो.
आपल्याकडं इतका असेल, असं ठरवलं.
दहा वाजता ती गेली.
चौथ्या दिवशी येऊन आकडा भरला.
पूर्णांक दोन कशाला?
खरं वाटावं म्हणून.

तू म्हणालीस, मामा, चौदा हजार नोंदींत एक.
काढली काय, ठेवली काय, सरासरी हलत नाही.
तू समजूत घातलीस, कळलं मला.
पण वाईट वाटलं.
थोडी तरी हलायला पायजे होती.

काल रात्री तू फोन खिडकीबाहेर धरलास,
म्हणालीस, ओळख बघू किती.
डोळे मिटले. तिथंही पत्राच वाजत होता.
सात, म्हटलं.
सकाळी तुझा निरोप आला: सोळा.
तिकडचा थेंब हळू बोलतो की काय,
का मला कधीच नीट ऐकू येत नव्हतं.

कुंपणात आता पांढरी पेटी आहे, सौर पाटीची.
आपला आपण आकडा बेंगळूरला कळवते.
तिला गुडघा लागत नाही.
मी साडेआठला तरी जातो,
नरसाळ्यात बसलेला बेडूक काढून बाजूला ठेवतो.

आज परत येऊन वही सव्वीस काढली.
चौसष्ट पूर्णांक दोन.
शाईला हात लावला नाही.
पुढं पेन्सिलनं एक प्रश्नचिन्ह केलं,
लहान,
वरून बघणाऱ्याला दिसणार नाही असं.