आठाचा नऊ

बेबीताई केणी बाळकुमहून आल्या,
रुमालात रुपया, रुमाल बटव्यात, बटवा पोटाशी.
चरईतल्या माझ्या माळ्यावर दोघींपुरतीच जागा,
एक तराजू, एक दिवा, एक भिंग
आणि खालच्या गिरणीतून वर येणारा मिरचीचा खकाणा.

"एकोनचाळीसचा हाय," म्हणाल्या,
"सासऱ्यांनी रेतीची होडी इकून घेतलेला, शहाऐंशी साली.
अर्धी पाती होती त्यांची."
अडतिसाचा रुपया म्हणजे चांदीचा भाव, वर थोडं काही.
एकोणचाळिसाचा म्हणजे
नातीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष.
हेही त्यांनीच सांगितलं, शिंकता शिंकता.

आधी वाजवला.
खणखणला आणि नाद बारीक होत लांब गेला,
चांदीचा जातो तसा.
वजन अकरा ग्रॅम, वर सहासष्ट.
तिरक्या धरलेल्या रुपयावरून चुंबक सावकाश उतरलं,
जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखं.
कडेला सांधा नाही.
राजाचा कान झिजलेला, जितका झिजायला हवा तितकाच.

मग साल.
भिंगाखाली एक, नऊ, तीन:
एका साच्यातून उठलेले, कडा लोण्यासारख्या.
चौथा आकडा उठलेला नव्हता,
उरलेला होता.
आठाच्या खालच्या पोटाची डावी भिंत
कुणी खरवडून काढलेली,
तिथली जमीन घासून, पुन्हा काळवून
जुनी केलेली.
वर्षाला असे पाच-सहा येतात माझ्याकडे,
बहुतेकांत आठाचं मढं दिसतं.
इथे नाही. इथे काम सुरेख.
फक्त शेपटीच्या टोकाला, आतल्या अंगाला,
एक टिंब ठेवलेलं, टाचणीच्या डोक्याहून लहान.
गरज नव्हती त्याची.
शेजारच्या खऱ्या नवाला ते नाही.

"मला बघू," म्हणत बेबीताईंनी भिंग घेतलं.
"टिपका हाय काय तरी."
हो, म्हणाले.

दादा जांभळी नाक्याला भांड्यांच्या दुकानाबाहेर बसायचे,
खाली गोणपाट, मांडीवर लोकांची पातेली.
अक्षराला दहा पैसे, तारखेचे वेगळे.
त्यांच्या नवाच्या शेपटीत टिंब असायचं.
विचारलं की म्हणत, आतलं पाणी सांडू नये म्हणून.
आमच्या कळशीवर आईच्या नावाखाली
9-5-79,
दोन नऊ, दोन टिंबं.
माझा हात धरून त्यांनी नऊ गिरवून घेतला होता
तोही तसलाच.

शहाऐंशी साली मी सातवीत.
आठवडाभर रात्री ते दिव्याखाली वाकून,
दातांत बारकी कानस.
घड्याळ दुरुस्त करतोय म्हणाले.
आमच्या घरी घड्याळ नव्हतं.

"खरा हाय ना?"

चांदी खरी, म्हणाले. राजा खरा, टांकसाळ खरी.
वर्ष तेवढं एक पुढे ढकललंय.
"म्हंजे?"
म्हणजे अडतिसाचा आहे, ताई.

त्यांनी रुपया घेतला, सालावरून अंगठा फिरवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.
"कोनी केलं आसल?"
नेमकी तेव्हाच गिरणी बंद पडली.
कसबी होता कुणीतरी, मी म्हणाले,
त्या शांततेत जरा मोठ्यानेच.

"लिहून द्या तसं. घरी खोटं वाटंल माझं."

पाकीट घेतलं. लिहिलं: एक रुपया, चांदी,
आकडा बदललेला, मूळ साल
आणि एक काढला.
खऱ्या सालातही एक नऊ असतोच.
गोल काढला, शेपटी खाली आणली, वळवली,
हात थांबवेपर्यंत
टिंब पडलं होतं.

भिंग अजून बेबीताईंच्या हातात होतं.