दोन भरत्या कमी

रायबंदरच्या कचेरीत, पडद्यावर दोन उभे रकाने.
एक धक्क्याला बांधलेल्या यंत्राचा, साठ आकड्यांचा:
सकाळी सहा, संध्याकाळी सहा,
एप्रिलचे तीस दिवस, न चुकता.
दुसरा पलीकडच्या चोडणचा, रुझारचा, अठ्ठावन्नाचा.
खाजनाच्या बांधातल्या मानशीशी बसून
काचेची नळी पाण्यात तरंगवत
त्याने वहीत लिहिलेला, रोमी अक्षरांत,
मी बोट ठेवून ठेवून उतरवलेला.

दोघांना शेजारी बसव, एवढंच मी सांगितलं.
लांबी जुळत नाही, संगणक म्हणाला,
तांबड्या अक्षरांत, एका ओळीत,
सोयरिक मोडावी तसं.

एकाखाली एक ठेवले तर त्याची हरकत नसते.
साठ, त्याखाली अठ्ठावन्न,
एकशे अठराची उतरंड,
कुणी कुणाचं तोंड बघायला नको.
शेजार मागितला की मात्र उंची मोजतात.

मग मी शून्यं लावली. खाली, दोन.
आलेखात महिन्याच्या शेवटच्या दिवशी
मांडवी एकदम गोडी झाली.
ऐन उन्हाळ्यात, पिण्याजोगी.
प्रभुगांवकर मॅडमनी चष्मा वर केला:
कुठे पाऊस पडला गं?

शून्य पुसून लिहिलं, माहीत नाही.
तर महिन्याची सरासरी विचारल्यावर उत्तर आलं,
माहीत नाही.
तळाच्या दोन घरांतलं अज्ञान
वरपर्यंत चढलं.

मग कात्री. साठाचे अठ्ठावन्न केले.
झटक्यात जुळले.
जुळल्यावर दिसलं, दहा तारखेची पहाट
दुपारच्या दीडला टेकून उभी आहे,
आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नाही.

म्हातारा दोनदा विसरला असणार,
असं म्हणत मी फेरीत चढले.
एक दुचाकी, माशांची पाटी, मी,
आणि माझ्या पिशवीत त्याची वही.

रुझार दारावरचं शेवाळ खरवडत होता.
विचारलं, दोन कुठे हरवले?
त्याने खरवडणं थांबवलं नाही.
"चुकलें न्हय गो. उदकच येवंक ना."

मग बांधावर बसून बोटांवर मोजून दाखवलं.
भरती काही सहाच्या ठोक्याला येत नाही.
आज सहाला आली तर उद्या पाऊण तास उशिरा,
परवा आणखी. चंद्र जसा रेंगाळतो तशी.
महिनाभर रेंगाळत रेंगाळत
दोन भरत्या पुढच्या महिन्यात जाऊन पडतात.
ती आली तेव्हा तो उठला.
रात्री अडीचलाही. वहीत त्या ओळीशेजारी
"इनासाक ताप" असंही लिहिलेलं आहे;
ते मी कुठल्याच रकान्यात घेतलं नव्हतं.

म्हणजे कमी काहीच नव्हतं.
साठ पूर्ण होते. अठ्ठावन्नही पूर्ण होते.
एक सूर्याच्या घड्याळाचा महिना,
एक चंद्राच्या.
आणि मी मधे बसून
पूर्ण माणसाला ठिगळ लावत होते.

परत येताना फेरी ओहोटीत जरा तिरकी चालली.
कचेरीत नवीन पान उघडलं.
आता लांबी विचारली नाही, वेळ विचारली.
ज्याची जी घटका त्या ओळीत तो,
दुसऱ्याचं घर तिथे रिकामं,
आणि सरासरीला ताकीद:
रिकाम्या घरात पाऊल टाकायचं नाही.

एकशे चौदा ओळी झाल्या, विरळ,
इकडे एक आकडा, तिकडे पोकळी.
मॅडम म्हणाल्या, केवढी ही भोकं.
म्हटलं, हो.

दोघांचेही आकडे आहेत अशा ओळी चारच.
बरोबर सहाला भरती आली होती,
यंत्र जागं होतं
आणि पलीकडे रुझारही वाकलेला.
नदी एकच, पण दोन्हीकडे मीठ थोडं वेगळं:
एकतीस, अठ्ठावीस.

त्या ओळींना मी रंग दिला नाही.
फाइल साठवली,
आणि इनासाचा ताप उतरला का
हे विचारायचं राहून गेलं, ते आठवलं.