विचारल्यासारखं

आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला
मी तिला बाहेर जेवायला नेतो, म्हणजे
तीच मला नेते.
ब्रनोत मी आता पाहुणा. ती दाखवेल ती ट्राम धरायची,
ती उठेल तिथं उतरायचं.
मला वाटलं होतं बदक, लाल कोबी,
भिंतीवर हरणाची शिंगं असलेलं आमचं नेहमीचं.
ती मात्र टायरवाला आणि औषधांचं दुकान यांच्या मधलं
वाफेनं आंधळं झालेलं काचेचं दार ढकलते,
आणि काठी कुठे टेकवायची ते तिला ठाऊक असतं.

मेन्यू मी वाचतो. तिनं चष्मासुद्धा काढलेला नाही.
"फो," मी बोट ठेवतो.
"फो नव्हे. फ्अ. आणि विचारल्यासारखं म्हण.
आवाज खाली ने, मग जरासा वर,
शेजारणीकडे वाटीभर साखर मागताना होतो ना, तसा."
मी म्हणतो. हुकूम सोडल्यासारखा निघतो.
बारा वर्षं हॅम्बुर्गच्या गोदामात माणसं हाकतोय,
दुसरं काय निघणार.

वाडगे येतात. रात्रभर उकळलेली हाडं,
चक्रीफूल, जाळावर काळं केलेलं आलं.
जी बोटं सकाळी कोटाचं बटण लावू शकली नाहीत
ती काड्या उचलतात, शेवया उचलतात,
एक थेंब सांडत नाही.
मी काटा मागतो.

"साळूचे डोळे! तू?"
ही आमच्या आजोळची शिवी. गावाबाहेर कोणी देत नाही.
वळून बघतो तर ॲप्रन बांधलेली हांग,
आमची हानिच्का, चौतिशीची,
आईच्याच हेलात बोलणारी, माझा तर कधीच पुसला गेलाय.
चार वर्षांची होती तेव्हा पहाटे पाचला
झोपेतच आमच्या दारात उतरवली जायची,
आणि तिचे आईबाप बाजारात जॅकेटं टांगायला पळायचे.
माझी खोली तिची झाली.
माझ्या आवडत्या गोलकीपरच्या डोक्यावर
तिनं पिवळ्या खडूनं सूर्य काढला. मी आठवडाभर बोललो नाही.
दर शुक्रवारी एक पाकीट यायचं.
आई ते बटाट्यांच्या टोपलीखाली ठेवायची.

"तुझे ते काळे स्केट्स," आई शेवया ओढत म्हणते.
"बाबांनी आणले होते."
"बाबांनी बिअर आणली होती."
आणि लिंबू पिळते.

मग आतून न्यान बाई येतात, हात पुसत.
पस्तीस वर्षांत त्यांना आमची भाषा आली ती एवढीच:
दोनशे. शेवटचा भाव. थंडी. बसा.
त्या बसतात.
नळीचं एक हाड आईच्या वाडग्यात ठेवतात,
आई त्यातला मगज काढून अर्धा त्यांच्या वाडग्यात परत करते.
बोलणं नाही. दोघी विहिणींसारख्या,
कोणाचंच लग्न झालेलं नसताना.
मी मध्ये काटा धरून.

बिल येत नाही. मी कार्ड पुढे करतो,
हांग ते घेऊन माझ्याच खिशात घालते,
लहान मुलाचा रुमाल कोंबतात तसं.
"माझा सूर्य आहे का अजून?"
मला माहीत नाही. त्या खोलीत
मी किती वर्षांत दिवा लावलेला नाही.

परतीच्या ट्राममध्ये आईच्या मांडीवर
रश्शाचा डबा. त्याच्या उबेत ती पेंगते.
खिडकीबाहेर नोव्हेंबर, ओले रूळ.
मी हळूच तो शब्द म्हणून बघतो,
खाली नेतो, मग जरासा वर.

समोरचा माणूस वर्तमानपत्र खाली करतो.
"मला काही विचारलंत?"