साउंड चेक

बहिणीचं गाणं मी पुरतं पहिल्यांदा ऐकलं
ते बत्तीस स्पीकरांवर, गरब्याच्या रिकाम्या मैदानात,
दुपारी साडेतीनला.
हसमुख खांबावर चढून वायर बांधत होता.
जमिनीवर मारलेलं पाणी अजून सुकायचं होतं.

तसं ते माझ्याच गोदामात झालं,
कमाटीबागेच्या मागे, पुलाच्या उतारावर.
सबवूफरच्या खोक्यांमध्ये गोधड्या कोंबून
जाई रात्री दोनला गायची,
कारण शेजारचा लेथ दोनलाच थांबतो.
मी म्हटलं, अर्थिंग खराब आहे, घूं येतोय.
म्हणाली, येऊ दे, माझ्याच सुरात आहे.

वीस वर्षं मी त्या घूंशी भांडतोय.
लग्नं, वास्तू, पुढाऱ्यांची भाषणं,
लोक पैसे देतात ते तो ऐकू येऊ नये म्हणून.

गाण्याचं नाव 'मगर'.
बाबांनी विचारलं, कोणती? आपली, विश्वामित्रीतली?
की हिंदीतलं मगर, म्हणजे पण?
जाई भाकरी मोडत म्हणाली, हो.

पूर उतरला तेव्हा गोदामाच्या तिसऱ्या पायरीवर
ती खरंच होती. सात फूट.
आम्ही सगळे गच्चीवर, फोन उगारून.
जाई कठड्याला हनुवटी टेकून नुसती बघत राहिली.
अकरा अँप गेले, हप्ते अजून चालू आहेत.
त्याच महिन्यात तिची सोयरीक मोडली,
की तिनं मोडली,
हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

गाण्यात यातलं काही नाही.
आधी गिटार, अर्ध्यात अडकलेल्या शटरसारखं,
मग ती, अगदी हळू,
बस तू, मी दिवा लावत नाही.
मग ड्रम कोसळतात आणि ती ओरडते
एकच शब्द, नऊ वेळा.
सातव्याला आवाज फाटतो.
मी म्हटलं होतं, अजून एक टेक घे.
तिनं हेडफोन काढून खिळ्याला अडकवला होता.

मैदानात, सातव्यालाच, हसमुख वरून ओरडला,
"भाई, स्पीकर फाट्युं?"
नाही रे, म्हटलं, बरोबर आहे.
हात सवयीनं फेडरवर गेला होता,
तो तिथेच राहिला.
चौकीदारानं खुर्ची आमच्याकडे वळवली
आणि कानातली विडी ओठात धरून
पेटवायची विसरला.

गाणं संपलं, घूं उरला. सहा-सात सेकंद.
त्यात गोदाम होतं, ओल होती,
आणि लांबून एक खोकला.
त्या रात्री मी बाहेर टेम्पोत होतो,
झोपतो म्हणून सांगून.

फोनवर तिचा मेसेज, कसं वाजलं?
लिहिलं, बेस जास्त आहे.
खोडलं.
लिहिलं, खोकला माझा आहे.
ती टाइप करतेय असं दिसत राहिलं,
थांबलं, पुन्हा दिसलं,
तेवढ्यात आयोजक आले, हातात नारळ,
"चालो चालो, माताजीनी आरती मूको."