पाणी मुरेपर्यंत

मासे आधी आले. टाकी नंतर.
वेंडुलानं पिशवी ट्रामभर मांडीवर धरली होती,
सहा झेब्रा डॅनिओ,
एकाचं बारसं तिनं वाटेतच उरकलं: इन्स्पेक्टर,
तिकीट तपासल्यासारखा
प्रत्येकाजवळ जाऊन थांबतो म्हणून.

मी काच घासली. खडे सात वेळा धुतले.
नळाचं पाणी भरून
क्लोरीन मारणारे थेंब मोजून टाकले.
आरपार दिसायचं:
पलीकडची भिंत, भिंतीतली खिळ्यांची भोकं,
आधीच्या भाडेकरूच्या फोटोंची.
रविवारी तिची आई तिला न्यायला आली.
किती स्वच्छ, म्हणाली,
आणि ते टाकीबद्दल होतं की घराबद्दल
मी विचारलं नाही.

मंगळवारी सगळे मासे वर,
पाण्याच्या सायीला तोंड लावून.

सातव्या मजल्यावरचे कुबालेक खाली आले,
लिफ्टनं, तरी धापा टाकत.
ओस्त्रावाच्या पोटात तीस वर्षं कोळसा काढलेला माणूस.
"वास न येणारं विष मला ठाऊक आहे.
खाली आम्ही दिव्याची ज्योत बघायचो.
तू मासे बघ."
त्यांनी नळीत थेंब टाकले. पाणी हिरवं झालं.
"पिवळं राहायला हवं होतं.
हे त्यांच्याच अंगातून आलेलं,
आणि तुझ्या पाण्यात ते खाणारं कुणीच नाही.
इतकं धुतलंस."

मग त्यांनी आपल्या जुन्या टाकीतला स्पंज आणला
आणि माझ्या सात वेळा धुतलेल्या खड्यांवर
पिळला.
तपकिरी गाळ. मला वाटलं, टाकी नासली.
पण ते विरजण होतं.
दुधाला एक रात्र पुरते,
याला महिना, कदाचित दीड.

डेपोतून आलो की ब्रेकचं ग्रीस धुवायचं,
दोन बादल्या काढायच्या, दोन घालायच्या.
घालण्याआधी कोपर बुडवून बघायचं.
वेंडुला टबात मावायची तेव्हा असंच बघायचो.
कोपर काही विसरलं नव्हतं.
खायला दिवसाआड, चिमटीहून कमी.
ते काचेशी येऊन उभे राहत
आणि मी डबा हातात घेऊन
परत ठेवून देई.

बाराव्या दिवशी एक गेला.
इन्स्पेक्टर नव्हे.
बाकीच्यांना नावं नव्हती,
त्यामुळे कोण गेला ते सांगता येत नाही.
दुकानात गेलो. हुबेहूब तसाच होता एक,
पैसेही काढले होते.
पण या पाण्यात आणखी कुणाला कसं आणू?

तिसऱ्या आठवड्यात हिरवं उतरलं
आणि दुसऱ्या नळीत जांभळं चढलं.
"एक विष खाऊन दुसरं होतं," कुबालेक म्हणाले.
"घाबरू नकोस, हे मधलं आहे."
मिठाची चिमूट द्यायला सांगितली
आणि खुर्चीत बसून राहिले बराच वेळ,
माशांकडे बघत, श्वास जुळवत.

वेंडुला एका आड एका शनिवारी येते.
खांद्यावरची बॅग न उतरवता मोजते.
"पाच."
हो.
"पाणी वाईट होतं?"
नवीन होतं.
तिनं यावर जरा विचार केला.
मग बूट काढले.

सहाव्या आठवड्यात
पहिली नळी पिवळी, दुसरी आकाशी, तिसरी नारिंगी.
काचेच्या कोपऱ्यात हिरवट बुरा धरला होता.
मी फडकं घेतलं.
"राहू दे ना," ती म्हणाली, "कुणीतरी राहतंय तिथं."

फ्रीजवरच्या तक्त्यात तिला नारिंगी भरायचं होतं.
माझ्याकडे एक निळं पेन, तेही डेपोतलं.
"पुढच्या वेळी रंगपेटी आणून इथंच ठेवीन,"
ती म्हणाली,
आणि आपण काही बोललोच नाही अशी
इन्स्पेक्टरला शोधायला वाकली.