ब्लँक

ऐरोलीत, दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर
नुकतंच मिसरूड फुटलेला तंत्रज्ञ
माझ्या खांद्याखाली बशीएवढं काहीतरी टेकवतो
आणि पडद्यावर माझं वर्ष वाचतो.
"मढवी मॅडम, शंभरातले बहात्तर ठोके यंत्राचे."
म्हणजे अठ्ठावीस माझे.
नापासच की मी.

चौतीस वर्षं रबाळ्याच्या लॅबमध्ये नाल्याचं पाणी तपासलं.
आधी ब्लँक लावायचा: सगळी रसायनं, नमुना तेवढा नाही.
जो आकडा येईल तो वजा केल्याशिवाय
कशाखाली सही करायची नाही.
आता माझा ब्लँक कसा लावू?
चष्मा वजा केला, दंडावरची देवीची लस,
शाळेने घोटून घेतलेले पाढे,
आत्याने कानात सांगितलेलं नाव,
वजा करत गेले, करत गेले,
वहीच्या तळाशी आकडाच येईना.

भावजी कवळी सावरत म्हणतात,
"देवाने दिलंय तेवढंच जगावं, वहिनी."
आणि घणसोलीच्या काचेच्या इमारतीतून
गळ्यात पट्टा तसाच ठेवून आलेला पुतण्या, ओजस:
"पंधरा वर्षं धीर धर काकी, मेंदूच उतरवून ठेवू."
मी विचारलं, ती उतरवलेली मढवीबाई
उद्या म्हणाली, नको मला हे,
तर तिचं ऐकशील की माझं?
बराच वेळ गप्प. मग म्हणाला, माहीत नाही.
त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, पोरगा पुढे जाईल.

फॉर्मवर एक रकाना होता:
यंत्र थांबवण्याचा निर्णय.
समोर छापलेलं, नातेवाईक.
लेक पेन उघडून तयार.
मी पेन घेतलं, छापील शब्दावर काट मारली,
माझं नाव लिहिलं, आणि सवयीने तारीख, वेळ.
ती रिक्षात एक अक्षर बोलली नाही.

संध्याकाळी दिवागावच्या जेट्टीवर बसून
बोटाने त्या उंचवट्यावर टकटक केलं,
घड्याळ लावून, एक मिनिट.
नाडी साठावरून ब्याऐंशीवर.
मी जागची हलले नव्हते,
त्या बिचाऱ्याला वाटलं, बाई चालायला लागली.
आकडे लिहिले. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

भरती चढत होती. चिखलातले खेकडे बिळांत गेले.
म्हटलं, त्याला खोटं कशाला पाडा,
आणि उठले.