कलम दुसरं, ओळ चौथी

हॅरिसबर्गला साडेसहाला पोचले.
सस्क्वेहॅनावर बर्फाच्या लाद्या
एकमेकींना ढोसत पुलाखालून चाललेल्या.
पार्किंगच्या यंत्राने कार्ड दोनदा थुंकलं.
पिशवीत निवेदनाच्या बारा प्रती,
डब्यात कालची पोळी,
आणि लेलंड योडरच्या आईने दिलेला
त्याचा एक मोजा.
‘दाखवा त्यांना,’ म्हणाली होती.
दाखवायचा नाही, हे मी लँकेस्टर सोडतानाच ठरवलेलं.

अध्यक्षांनी माझं आडनाव तीन जागी मोडलं.
टेंब्ये. असू दे.
समोर छोटा दिवा. हिरवा म्हणजे बोला.
आम्ही चार मनोविकारतज्ज्ञ,
मुद्दे आधीच वाटून घेतलेले, भिशीच्या चिठ्ठ्यांसारखे.
मला निघालं कलम दुसरं, ओळ चौथी:
‘स्पष्ट आणि समोर दिसणारा धोका’.

‘गेल्या तीस दिवसांत त्याने काही केलंय का?’
हे कायदा विचारतो, म्हणून मीही विचारलं,
रात्री दोनला, पडद्याआड.
काही केलं नव्हतं.
सव्वीस वर्षांचा सुतार. नऊ दिवस उपाशी,
कारण ताटातले वाटाणे त्याला नावाने हाका मारत.
पण पाणी पीत होता.
मला थँक यू म्हणाला, खुर्ची सरकवून ठेवली जागेवर.
कायद्याच्या काठीने मोजला
तर पाणी अजून गळ्याखालीच होतं.
मी त्याला घरी पाठवलं.

पहाटे तो नुसत्या मोज्यांवर
गोठलेल्या ओढ्यापर्यंत चालत गेला.
पायाची दोन बोटं काढावी लागली.
मग मात्र पलंग मिळाला.

पिवळा.

इंग्रजीत जे सांगता आलं नाही ते असं, की
आमच्याकडे धोका म्हणजे संकट
आणि धोका म्हणजे दगा.
शब्द एकच. कागदावर कुठला लिहिला होता,
हे मी त्या रात्री पाहिलं नाही.

लाल.

माझ्यानंतर रोझलिन प्रुइट.
नाव ऐकलं आणि हातातली प्रत
मी उगाच घडी घातली, पुन्हा उघडली.
सहा वर्षांपूर्वी तिच्या कागदावर सही माझी.

ती म्हणाली, मी कांदे चिरत होते,
म्हणून हातात सुरी होती.
चार माणसं आली. एकाचा गुडघा इथे.
बोट ठेवून दाखवलं, मानेच्या मागे.
म्हणाली, दार रुंद करा म्हणताय,
आधी सांगा, ते आतून उघडतं का?
एकदाही आवाज चढवला नाही.
चढवला असता तर कुणीतरी
ते लक्षण म्हणून टिपून घेतलं असतं.
बहुधा मीच.

कोट घेताना आम्ही शेजारीशेजारी.
माफी मागावी तर सहीची का, गुडघ्याची,
हे ठरेना.
तिनेच विचारलं, ‘बोटं कुठल्या पायाची?’
‘डाव्या.’
‘तोल जातो काही दिवस. माझ्या भावाची गेली होती, साखरेने.
आधार देताना कोपर धरू नका.
तुमचं कोपर पुढे करा.’

बाराव्या प्रतीच्या पाठीवर मी हे लिहून घेतलं.
कुठल्या कलमात बसवायचं, माहीत नाही.
चौघांतले ब्रॅन्टली म्हणाले, आत्ता नको,
आहे तेवढं तर मंजूर होऊ दे.
त्यांचंही चूक नाही. तीन अधिवेशनं झाली या मजकुराला.

विधेयक समितीतच राहिलं.
वायपरखाली दंडाची पावती.

गाडीत फोन: दोघं आलेत, पलंग एकही नाही,
एकाला खुर्चीत बसवलाय, त्याने काही केलेलं नाही,
घरी सोडू का?
सवयीने तारीख विचारणार होते.
विचारलं,
काही खाल्लंय का त्याने?

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.
थांबा, म्हणाली नर्स,
विचारून येते.